रांगेतून बाहेर काढलेले मूल : एडीएचडी, कराटे आणि आपले विहार

"लय वांड हाय हे पोट्टं." "एका जागी बूड टेकत नाही." "डोकं चांगलं आहे, पण लक्षच नाही." यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही वस्तीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा विहारातील रविवारच्या बाल संस्कार वर्गात ही वाक्ये ऐकू येतात. अशा मुलासाठी हल्ली एक उपायही हमखास सुचवला जातो : "याले कराटेत टाका, सुधरते." आईवडील पदरमोड करून पांढरा ड्रेस घेतात. पोर आठवडाभर उड्या मारत क्लासला जाते. पंधरा दिवसांनी सर सांगतात, "उद्यापासून पाठवू नका, बाकीच्यांना त्रास होतो."

आपल्या अनेक विहारांच्या आवारात आज तरुण कार्यकर्ते लाठीकाठी, कराटे, तायक्वांदो शिकवतात. समता सैनिक दलाची कवायत तर आपली जुनीच परंपरा आहे. या वर्गांतून खूप काही होऊ शकते. पण ज्या मुलाला वर्गाची सर्वांत जास्त गरज असते, तेच रांगेतून सर्वांत आधी बाहेर काढले जाते. असे का होते आणि ते कसे टाळता येईल, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

एडीएचडी म्हणजे काय?

लहान मूल चंचल असतेच. चार-पाच वर्षांचे पोर धावते, बडबडते, अर्ध्यात खेळ सोडते, यात आजार काही नाही. एडीएचडी, म्हणजे अवधान कमी पडणे आणि अतिचंचलता, ही त्यापुढची गोष्ट आहे. लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, सांगितलेले अर्धे ऐकले जाते. हातपाय सतत हलतात, पाळी येईपर्यंत थांबवत नाही, विचार येण्याआधी कृती होऊन जाते. अशी लक्षणे वयाच्या मानाने फार जास्त असतील, किमान ६ महिने टिकून असतील, १२ वर्षांच्या आत सुरू झाली असतील, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसत असतील आणि त्यामुळे मुलाचे रोजचे जगणे अडत असेल, तरच डॉक्टर हे निदान करतात. फक्त शाळेतच दंगा करणारे मूल कदाचित त्या शाळेला कंटाळलेले असेल. फक्त घरीच चिडणारे मूल कदाचित घरातल्या भांडणाला घाबरलेले असेल.

जगभरातील अभ्यास एकत्र केले तर साधारण ५ टक्के मुलांमध्ये एडीएचडी आढळतो. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात सरासरी दोन. आईच्या लाडामुळे किंवा बापाच्या धाकाअभावी तो होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या अभ्यासात असे दिसले की, या मुलांच्या मेंदूचे बाह्य आवरण इतर मुलांसारख्याच क्रमाने वाढते, पण सरासरी ३ वर्षे उशिरा परिपक्व होते. हा उशीर सर्वांत जास्त दिसतो तो कपाळामागच्या भागात, म्हणजे थांबणे, वाट पाहणे, आधी विचार करणे ही कामे जिथे चालतात तिथे. सोप्या भाषेत, गाडीचे इंजिन जोरदार आहे, पण ब्रेक अजून तयार होत आहेत. दहा वर्षांच्या मुलाकडून आपण दहा वर्षांचा संयम मागतो आणि त्याच्याकडे असतो सात वर्षांचा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पुष्कळ मुलींमध्ये धावपळ कमी आणि हरवलेपण जास्त असते. त्या कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत. "धांदरट आहे", "तंद्रीत असते" एवढे म्हणून विषय संपतो आणि सातवी-आठवीत शाळा सुटते.

वस्ती बदलली की नाव बदलते

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलाचे वागणे तेच असते, पण त्याला मिळणारे नाव पत्त्यावर ठरते. शहरातील सुखवस्तू घरातले मूल वर्गात टिकले नाही तर समुपदेशक, बालरोगतज्ज्ञ, मग मानसोपचारतज्ज्ञ असा प्रवास सुरू होतो. आपल्या वस्तीतले मूल तसेच वागले तर "त्या वस्तीतली पोरं अशीच" हे उत्तर तयार असते. एकाच्या वागण्याला निदान मिळते, दुसऱ्याच्या वागण्याला जात चिकटते. मग छडी, शेवटचा बाक, "उद्या बापाला घेऊन ये". कापूस वेचणीची मजुरी बुडवून बाप शाळेत जातो आणि घरी आल्यावर पोराला पुन्हा मार बसतो.

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावे. पण ही बंदी शाळेपुरती मानून विहाराच्या आवारात आपणच उठाबशा काढायला लावत असू, तर कायद्याचा हवाला देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

कराटेने नेमके काय होते?

अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. बालवाडी ते पाचवीच्या मुलांचे गट करून काहींना नेहमीचा पीटीचा तास आणि काहींना परंपरागत पद्धतीचे तायक्वांदो शिकवले गेले. तीन महिन्यांनंतर तायक्वांदोच्या गटातील मुलांचे लक्ष टिकवणे, भावना आवरणे, वर्गातील वागणूक आणि तोंडी गणितसुद्धा जास्त सुधारले. ही मुले एडीएचडीचे निदान झालेली नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणून "कराटेने एडीएचडी बरा होतो" असे बॅनर लावणे चूक आहे. योग्य पद्धतीने शिकवले तर स्वतःवर ताबा ठेवण्याचा सराव होतो, एवढे आपण प्रामाणिकपणे म्हणू शकतो. औषध सुरू असेल तर क्लास लावला म्हणून ते बंद करायचे नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

"आधीच मारकुटं आहे, कराटे शिकून अजून मारेल," ही आईची भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर १९८६ च्या एका छोट्या अभ्यासात सापडते. १३ ते १७ वर्षांच्या, मारामाऱ्या करणाऱ्या ३४ मुलांचे तीन गट केले गेले. एका गटाला ध्यान, आदर आणि संयम यांसह परंपरागत तायक्वांदो शिकवले. दुसऱ्याला फक्त लढण्याचे तंत्र. तिसऱ्याला धावणे आणि बास्केटबॉल. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली. दुसऱ्या गटाची वाढली. लाथ तीच, ठोसा तोच. फरक पडला तो शिकवण्याने. मुलांची संख्या थोडी असल्यामुळे हा अंतिम पुरावा नव्हे, पण वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाने त्यातून धडा घ्यावा. 'फाइट'च्या नादात पोरे जमा करणारा क्लास आणि संयम शिकवणारा क्लास बाहेरून सारखेच दिसतात.

राहुलाला दिलेला धडा

२००४ च्या त्या अभ्यासात मुलांना स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकवले होते : मी कुठे आहे? मी काय करतो आहे? मी काय करायला हवे? हे वाचताना बौद्ध वाचकाला राहुलाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध लहानग्या राहुलाला लांबलचक उपदेश करत बसत नाहीत. पाण्याचे भांडे हातात घेतात, त्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवतात, ते सांडतात, भांडे पालथे करतात. डोळ्यांना दिसेल अशा रीतीने शिकवतात. मग आरशाचे उदाहरण देऊन सांगतात की, कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर ती तपासून पाहावी. ज्या मुलाची कृती विचाराच्या आधी धावते, त्याला नेमका हाच सराव हवा असतो.

दुसरी कथा चूळपंथकाची. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक कंटाळला आणि त्याने त्याला संघ सोडून जायला सांगितले. बुद्धांनी त्याला परत बोलावले, गाथा बाजूला ठेवली आणि हातात स्वच्छ पांढरे कापड देऊन ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले, मन त्या एका कृतीवर टिकले आणि चूळपंथकाला अनित्यतेचा बोध झाला. चूळपंथकाला कोणता विकार होता हे ठरवण्याचा प्रश्नच नाही. इथे पाहायचे ते शिक्षकाकडे. शिष्याला जमत नाही म्हटल्यावर शिष्य काढून टाकला गेला नाही. शिकवण्याची रीत बदलली आणि शब्दांऐवजी हाताला काम दिले.

वर्ग कसा घ्यावा?

पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पुढील गोष्टी कोणत्याही खर्चाशिवाय करता येतात. त्या एडीएचडीच्या मुलाला मदत करतातच, आणि इतर मुलांचेही त्यात नुकसान नाही.

गट लहान ठेवा. आठ-दहा मुलांमागे एक शिकवणारा आणि एक मदतनीस. विहारातील दहावी-बारावीची मुले-मुली हे काम आनंदाने करतात. पाच वर्षांचे मूल आणि बारा वर्षांचे मूल एका गटात नको.

जागा आखून द्या. "नीट उभा राहा" हे वाक्य या मुलाला कळत नाही. जमिनीवर खडूने किंवा चुन्याने दोन पावले काढा आणि "पाय पावलांवर" म्हणा, लगेच कळते. त्याला पुढच्या रांगेत, रस्त्याकडे पाठ करून उभे करा. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी त्याचे लक्ष पळवणार, त्यात त्याचा दोष नाही.

एका वेळी एकच सूचना द्या आणि ती करून दाखवा. "डावा पाय पुढे, उजवा हात कमरेला, नजर समोर आणि मोठ्याने आवाज" या एका वाक्यात चार सूचना आहेत. त्यांतली शेवटचीच त्याच्या लक्षात राहील आणि तो फक्त ओरडेल.

वाट पाहायला लावू नका. एकेकाने पुढे येऊन लाथ मारायची आणि बाकीच्या वीस जणांनी रांगेत उभे राहायचे, ही पद्धत या मुलांसाठी सर्वांत वाईट. सगळ्या खोड्या त्या रांगेत होतात. सर्वांनी एकाच वेळी करायचे ठेवा. दर चार-पाच मिनिटांनी प्रकार बदला.

थांबण्याचा खेळ रोज घ्या. आपण लहानपणी खेळलेला 'स्टॅच्यू' इथे कामाला येतो. जोरात हालचाल, मग टाळी, की पुतळा. दलाच्या कवायतीतले 'सावधान-विश्राम' कधी हळू, कधी भरभर घ्या; मध्येच चुकीचा हुकूम देऊन मुलांना फसवून पाहा. पोरे हसतात आणि हसता हसता ब्रेक लावायला शिकतात. ठोसा मारण्यापेक्षा ठोसा नाकाच्या आधी वीतभर थांबवणे अवघड असते. या वयात कौतुक त्या थांबण्याचे करावे.

क्रम रोज तोच ठेवा. त्रिशरण-पंचशील, अंग मोकळे करणे, पवित्रे, थोडा काता, खेळ, शेवटी एक-दोन मिनिटे आनापान. पुढे काय येणार हे माहीत असले की मूल कमी बिथरते. आनापान लहान मुलाला जबरदस्तीने वीस मिनिटे करायला लावू नये. एक मिनिटही त्याच्यासाठी मोठे असते. अंगातली धावपळ निघून गेल्यावर ते मिनिट बरेच सोपे जाते.

कौतुक लगेच आणि नेमके करा. "शाब्बास" पेक्षा "टाळी वाजल्याबरोबर थांबलास, छान" हे जास्त पोहोचते. महिनाअखेरच्या बक्षिसाचा या मुलाला उपयोग नाही, तो महिना त्याच्यासाठी फार लांब असतो. पट्ट्याची परीक्षा दूर असेल तर मधल्या लहान पायऱ्या करा, आणि त्याची तुलना त्याच्या मागच्या आठवड्याशी करा.

नियम तीनच ठेवा : टाळी वाजली की थांबायचे, परवानगीशिवाय कुणाच्या अंगाला हात नाही, शिकलेले बाहेर कुणावर वापरायचे नाही. नियम मोडला तर शांतपणे दोन मिनिटे बाजूच्या ठरलेल्या चटईवर बसवा आणि मग परत रांगेत घ्या. परत घेणे हाच त्यातला महत्त्वाचा भाग. ओरडणे, सर्वांसमोर नक्कल करणे, शिक्षा म्हणून जोर काढायला लावणे पूर्ण बंद. व्यायाम ही शिक्षा झाली की मूल व्यायामाचाही द्वेष करू लागते.

लहानांच्या हातात खरी काठी देऊ नका, वर्तमानपत्राची गुंडाळी पुरते. डोक्यावर वार, प्रत्यक्ष लढत आणि चटईशिवाय पाडण्याचे डाव या वयात नकोत.

सुरुवात करण्याआधी

क्लासमध्ये घेताना सरांनी पालकांना काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. मुलाला फिट येते का? दमा आहे का? कोणते औषध सुरू आहे? आणि आपल्या विदर्भात हमखास विचारायचा प्रश्न : सिकलसेलची तपासणी झाली आहे का? सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलग्रस्त मुलाला अति थकवा, अंगातले पाणी कमी होणे किंवा थंडी यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला डॉक्टरांना विचारूनच, बेताने आणि मध्ये मध्ये पाणी पाजून शिकवावे. यवतमाळच्या उन्हाळ्यात तर सगळ्यांसाठीच वर्ग सकाळी लवकर हवा.

दुसरे, निदान आपण करायचे नाही. कमी ऐकू येणारे मूल सूचना पाळत नाही, कमी दिसणारे फळ्याकडे बघत नाही, रक्त कमी असलेले किंवा झोप न झालेले मूल चिडचिडे होते. हे सर्व वरून एडीएचडीसारखे दिसू शकते. तपासणीची वाट सरकारी यंत्रणेत आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकांनी अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतील मुलांची एकदा तपासणी करायची असते, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडीचे नाव आहे. पण पथकाकडे एका मुलासाठी काही मिनिटे असतात आणि तेवढ्या वेळात मूल डॉक्टरसमोर गप्प बसते. म्हणून पथक येण्याच्या दिवशी पालकाने किंवा कार्यकर्त्याने हजर राहून घरचे आणि शाळेतले वागणे सांगावे. पुढील तपासणीसाठी यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उमरखेडच्या माणसाला ते शंभर किलोमीटरच्या आसपास पडते, एका फेरीत एका दिवसाची मजुरी जाते. त्यामुळे "दवाखान्यात जा" एवढे सांगून आपले काम संपत नाही. सोबत जाणारा माणूस लागतो. मानसिक आरोग्याबाबत फोनवर मोफत सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

एक कायदेशीर गोष्टही माहीत असावी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि एडीएचडीच्या अनेक मुलांना वाचन-लेखनाची तीही अडचण असते. त्यामुळे तपासणी करताना दोन्हींची मागणी करावी.

औषधांबद्दल लोकांत भीती आहे. लहान वयात पहिला उपाय औषध नसतोही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण सुचवते. म्हणजे मूल बदलण्याआधी त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांनी आपली रीत बदलायची. विहारातील वर्गात पालकांना आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे बसवून तीच टाळी, तेच तीन नियम, तेच नेमके कौतुक शिकवले तर हे काम आपल्या वस्तीतच सुरू होते.

आपण काय करू शकतो?

समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालते. त्यासाठी कराटे-तायक्वांदोचे प्रशिक्षक शाळांत येतात. लहान मुलांसाठी अशी सोय नाही, ती जागा विहार भरून काढू शकतो. येत्या वर्षावासात बहुतेक विहारांत रोज माणसे जमतील, ग्रंथवाचन होईल. त्याच काळात आठवड्यातून दोन सकाळी लहान मुलांसाठी पाऊण तासाचा वर्ग ठेवता येईल. त्यासाठी एक जाणकार प्रशिक्षक, दोन मदतनीस, चुना आणि पिण्याचे पाणी एवढेच लागते. हजेरीची वही मात्र ठेवावी. त्यात तंत्र किती आले याऐवजी एकच नोंद करावी : वर्गात आलेली किती मुले तीन महिन्यांनंतरही टिकली आणि कोणती गळाली.

गळालेल्या नावांच्या घरी जावे. बहुधा तिथेच ते वांड म्हटलेले पोर भेटेल.